खट् आवाजाची तक्रार

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद द्यावेत की नाही यावर सकाळपासून विचार चालू आहे, तेव्हा ते सध्या माझ्याकडेच राहू देत.

दोन वर्षांपूर्वी तू सुट्टीत आमच्याकडे आलीस, माझा बरा चाललेला कॉम्प्युटर उघडलास आणि "मामा, जुनी सिस्टिम काढून यात लिनक्स टाकते, बघा कसा पळतो" म्हणून निघून गेलीस. पळतो खरा. पण आवाज काढताना खट् करतो. कधी वाक्याच्या सुरुवातीला, कधी मध्येच. कधी पाच मिनिटं अगदी गुणी बाळासारखा असतो आणि मग लागोपाठ तीनदा खट्, खट्, खट्. अधूनमधून शब्दही तुटतो, 'छत्री'ची 'छ-छ-छत्री' होते. माणूस अडखळला तर मी थांबून ऐकतो. यंत्र अडखळलं की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि ते ज्यानं बसवलं त्याच्याही.

तुला आठवत नसेल म्हणून सांगतो, मी एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होतो. पाहुण्याची खुर्ची करकरली तरी मुलाखत थांबवून खुर्ची बदलायला लावायचो, मग पाहुणा कितीही मोठा असो. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक खट् बाहेर गेला नाही. आणि आता माझ्याच घरातल्या मागच्या खोलीत, सगळ्या खिडक्यांना गाद्या लावून, ही दशा.

सध्या मी एक रेकॉर्डिंग करतोय. तीनशे वाक्यं आहेत. कसली आहेत ते तुला कळून उपयोग नाही. हेडफोन लावून ऐकत बसतो, खट् झाला की थांबवतो, पुसतो, पुन्हा घेतो. काल बावीस वाक्यं घेतली आणि बावीसच्या बावीस पुसली. तीन मार्चच्या आत सगळी संपली पाहिजेत. फोन करू नकोस. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस, मला कीबोर्ड ऐकू येतो. लिहून कळव.

मामा

---

६ फेब्रुवारी

ती. मामांस,

तुम्ही आशीर्वाद राखून ठेवलेत, मी नमस्कार अर्ध्यावर थांबवते. फिटंफाट.

"बरा चाललेला कॉम्प्युटर" हे वाचून मला ठसका लागला. तो चालू व्हायला अकरा मिनिटं लागायची. बटण दाबून तुम्ही दाढी करायला जायचात, परत यायचात तरी तो अजून विचार करत असायचा. असो. उपकार लक्षात ठेवण्याची आपल्या घराण्यात पद्धत नाहीच.

आधी हे सांगा, कशाकशाला हात लावलात? "कशालाच नाही" असं लिहू नका. माझ्या ऑफिसात दीडशे माणसं आहेत आणि त्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं काम आहे. दीडशेंपैकी एकानंही आजवर कशालाच हात लावलेला नाही, तरी रोज काहीतरी मोडलेलं असतं.

आवाजाच्या सेटिंगमध्ये बफर म्हणून एक आकडा असतो. आवाज कानापर्यंत पोचवताना कॉम्प्युटर थोडा साठा हाताशी ठेवतो, तो हा. साठा फार लहान असला की मध्येच संपतो आणि खट् होतो. मी तो १०२४ वर ठेवला होता. आता किती आहे ते बघा. शिवाय आवाजाचं कार्ड वीज वाचवायला झोपतं आणि उठताना खट् करतं. ही झोप बंद करायची आज्ञा खाली दिली आहे, ती जशीच्या तशी उतरवा. तुमच्या स्वभावाप्रमाणे सुधारून नका उतरवू. आणि खट् झालेलं एखादं वाक्य न पुसता मला फाईल म्हणून पाठवा. वर्णन नको, वर्णनात तुम्ही रंग भरता.

तीनशे वाक्यं म्हणजे आत्मचरित्रच ना? पाहुण्याच्या खुर्चीवर किती आहेत?

तुमची,
टिटवी

---

९ फेब्रुवारी

टिटवे,

हो, हात लावला. बफर मी ६४ केला आहे. तुझ्या त्या १०२४ वर समोर ओठ हलतात आणि शब्द कानात मागाहून येतो. आमच्या केंद्रात हे चालवून घेतलं नसतं. तुमच्या पिढीला उशिराची सवय आहे, मला नाही. तो आकडा मी वाढवणार नाही, दुसरं काही सांग.

झोप बंद करायची आज्ञा उतरवली, अक्षरशः. एक दिवस बरं वाटलं, मग पुन्हा खट्. हेडफोनची वायर कॉम्प्युटरच्या मागे पोचत नाही म्हणून मी ती स्क्रीनच्या कडेला जे भोक आहे त्यात लावतो, तेही तुला सांगून ठेवतो, नाहीतर नंतर त्यावरून मलाच बोलशील. आणि ऐक, हा खट् लबाड आहे. कालचं एक वाक्य घेताना तो 'निळी'वर झाला. परत वाजवून पाहिलं तर 'दाराजवळ'वर. तिसऱ्यांदा आणखी कुठे. असलं चंचल यंत्र मी जन्मात पाहिलं नाही.

माझी पद्धत तुला माहीत आहे. मी हात वर केला की वाचणाऱ्यानं थांबायचं, खाली घेतला की पुन्हा पहिल्यापासून. पण वाचणाऱ्या व्यक्तीला दिवसाला अर्धाच तास बोलता येतं, आणि त्या अर्ध्या तासात माझा हात वरच असतो. आजवर चार वाक्यं पास झाली आहेत.

फाईल सोबत आहे. ऐक आणि लाज वाटते का बघ.

मामा

---

१२ फेब्रुवारी

ती. मामांस,

घाईत लिहितेय. ऑफिसातली सगळी मोठी यंत्रं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायचं काम निघालं आहे आणि त्या कामाची जबाबदार व्यक्ती मी आहे, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारी. फाईल मिळाली. अजून उघडलेली नाही, उघडीन.

बफर ६४ ठेवून खट् का होतो असं विचारणं म्हणजे चमच्यानं टाकी भरायला बसून पाणी का पुरत नाही असं विचारणं. आकडा वाढवा. नाही वाढवणार? मग ऐका खट्.

आणि "वाचणारी व्यक्ती" ही काय भानगड आहे? स्वतःच्या आठवणी सांगायलाही माणूस ठेवलात? तोही दिवसाला अर्धा तासच बोलणारा! धन्य आहे. मामा, तुमच्या आठवणी आणखी दोन आठवडे थांबल्या तर जगाचं काही अडत नाही. तीस वर्षं त्या आम्ही फुकट ऐकतोच आहोत.

टिटवी

---

२४ फेब्रुवारी

टिटवे,

बारा दिवस. एका फाईलवर एक क्लिक करायला बारा दिवस. तुमच्या ऑफिसात माणसं काय दगडात लेख कोरतात?

मधल्या काळात मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुझी करमणूक होईल. फ्रिज बंद ठेवला, दूध नासलं, खट् चालूच. दिवे बदलले. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला तज्ज्ञ बोलावला. तो लिनक्स हा शब्द ऐकून असा मागे सरला, जणू मी त्याला कुत्रं चावल्याची जखम दाखवली. "वायर बदला," म्हणाला. बदलली. मग म्हणाला, "कॉम्प्युटर बदला." त्याला मी दारापर्यंत पोचवलं.

तीनशेतली अकरा पास झाली आहेत. अकरा! आणि वाचणाऱ्याचा आवाज आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, सकाळी पहिली पाचसात वाक्यंच बरी येतात. तीन मार्चनंतर मला या कामाचा उपयोग नाही, हे मी तुला चार तारखेलाच लिहिलं होतं. का, ते सांगणार नाही. तुला सगळ्याची चेष्टाच करायची असते.

मामा

---

२५ फेब्रुवारी

चि. टिटवी,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. ते गाद्या पुन्हा ठाकठीक करायला मागच्या खोलीत गेले आहेत. एक गादी चार बोटं सरकली आहे म्हणे, खट् तिथून येत असेल.

वाचणारी व्यक्ती मी आहे. माझ्या घशात गाठ आहे आणि तीन तारखेला ऑपरेशन आहे. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, म्हणजे त्यानंतर मला बोलता येणार नाही. कुणाला कळवायचं नाही असं मीच सांगितलं होतं, कारण लोक येऊन रडतात आणि त्यांना पाणी आपल्यालाच द्यावं लागतं. तूही रडू नकोस, मला तेवढा वेळ नाही.

इस्पितळातल्या बाईंनी एक सोय सांगितली. तीनशे वाक्यं स्वच्छ वाचून दिली की त्यावरून काही माणसं आपला आवाज तयार करून देतात. मग आपण टाइप करायचं आणि यंत्र आपल्या आवाजात बोलायचं. त्या म्हणाल्या, फोनवर वाचून पाठवलंत तरी चालेल. झालं! एकतीस वर्षांच्या ध्वनिमुद्रकासमोर ती बाई हे बोलली. घरी आल्याबरोबर हे गाद्या काढायला लागले.

वाक्यं अगदी बावळट आहेत. 'निळी छत्री दाराजवळ ठेव.' 'उद्याची गाडी किती वाजता आहे?' एक वाक्य 'मला तुझा अभिमान वाटतो' असं आहे. ते मी यांच्याकडे बघून वाचलं तर यांनी हात वर केला. सात वेळा वाचलं, सात वेळा हात वर. आठव्या वेळी मला अभिमान वाटेनासा झाला.

हसू नकोस, कारण आता खरं सांगते. माझा आवाज रोज कमी होतोय. मला तो जाताना कळतो. आणि जो शिल्लक आहे तो हा माणूस रोज पुसतोय, तोही इतक्या प्रेमानं की मला ओरडताही येत नाही. ओरडायला डॉक्टरांची मनाई आहे हेही आहेच. माझं ते ऐकत नाहीत. मी 'मला काही खट् ऐकू येत नाही' म्हटलं तर म्हणतात, तुझा कान शिकलेला नाही. तुझं ऐकतील, कारण तुझा त्यांना राग येतो. खट् राहिला तर राहू दे, पण यांचा हात खाली घ्यायला लाव.

मामी

---

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

मामा,

मामीनं मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर चिडायचं असेल तर नंतर चिडा. आधी हे वाचा आणि वाचून होईपर्यंत काहीही पुसू नका.

तुमची फाईल मी आत्ता उघडली. सोळा दिवसांनी. तीत खट् नाही. मी ऑफिसातल्या तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर वाजवली, आवाजाची रेघ स्क्रीनवर मोठी करून इंच इंच पाहिली. एकही खट् नाही. मामी 'निळी छत्री दाराजवळ ठेव' म्हणतेय, स्वच्छ, जशी ती बोलते तशी.

माइकचा आवाज तुमच्याकडे दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ फाईलमध्ये. दुसरी तुमच्या कानात, आणि ती स्क्रीनमधून जाते कारण हेडफोन तिथे लावले आहेत. आवाजाचे तुकडे मोजणारं माइकचं घड्याळ वेगळं, स्क्रीनचं वेगळं. दोघांचा मेळ घालायला साठा लागतो आणि तो तुम्ही ६४ वर आणलात. म्हणून तुमच्या कानाच्या वाटेवर खट् होतो. परत वाजवतानाही तीच वाट, म्हणून पुन्हा होतो. रेकॉर्डिंगमध्ये तो कधी नव्हताच.

खट् जागा बदलतो असं तुम्ही नऊ तारखेला स्वतः लिहिलं होतं. फाईलमधला खट् जागा बदलूच शकत नाही. हे त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तुमचं पत्र वाचताना फक्त उत्तरात काय टोमणा मारायचा ते शोधत होते. आठवणींबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते.

ही फाईल परत पाठवतेय, ती तीनशेंत धरा. आता सांगा, पुसलेली वाक्यं कचरापेटीत आहेत ना?

टिटवी

---

२६ फेब्रुवारी

टिटवे,

तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून शेजारच्या शिक्षिकेच्या घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरवर ऐकलं. एकदा ऐकून भागलं नाही, म्हणून सहा वेळा ऐकलं. ती बिचारी स्वयंपाक टाकून उभी होती.

आमच्या मशीनवर एक हेड टेपवर आवाज उमटवायचं, टेप पुढे सरकली की दुसरं हेड तो लगेच वाचायचं आणि तेच हेडफोनमध्ये यायचं. कानात खट् म्हणजे टेपवर खट्. यात चूक होऊच शकत नव्हती. एकतीस वर्षं मी कानावर विश्वास ठेवला आणि तो बरोबर ठरला, म्हणून या वेळी तपासलं नाही. टेपवरचाही खट् जागा बदलत नाही, हे मला तुझ्याआधी कळायला हवं होतं. मी त्याला लबाड म्हटलं आणि पुढच्या कामाला लागलो.

कचरापेटी मी रोज रिकामी करत होतो. केंद्रात संध्याकाळी टेप पुसून कपाटात परत द्यावी लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला टेप नसे. ती सवय. वहीत नोंद आहे, चारशे सोळा वेळा पुसलं. तीनशे वाक्यं कधीच पुरी झाली होती.

परत आणता येतात का? तू हे सगळं शिकली आहेस. आणता येत असतील तर तू म्हणशील तो आकडा ठेवीन.

मामा

---

२६ फेब्रुवारी

मामा,

नाही येत. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जी डिस्क आहे ती रिकामी झालेली जागा स्वतःच धुऊन टाकते. ती मीच बसवली होती, जलद चालावा म्हणून. दुपारभर दोघातिघांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं.

चार सकाळी आहेत. काही दुरुस्त करत बसू नका. हेडफोन काढा, माइक चालू करा आणि तिला वाचू द्या. मी येऊ का?

टिटवी

---

६ मार्च

टिटवे,

येऊ नकोस असं तुझी मामी म्हणाली होती, तेच अजून म्हणते, म्हणजे लिहिते. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. काल ती उठून बसली आणि नर्सनं तक्त्यावर तारीख चुकीची टाकली होती ती खोडून नीट लिहायला लावली. तेव्हा तब्येतीची काळजी नको.

वाक्यांचं सांगतो. चार सकाळींत एकशे चाळीस झाली. शेवटच्या सकाळी अठरा झाल्यावर पुढचं वाचायला तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिनं कागद खाली ठेवला, मीही माइक बंद केला. आधीची अकरा, तुझ्याकडून आलेलं एक, अशी एकशे बावन्न त्या आवाज तयार करणाऱ्यांना पाठवून दिली. तिकडून उत्तर आलं की चालवून घेऊ, आवाज तयार होईल, पण घोगरा निघेल. म्हणजे गाठ निघून गेली तरी ती जन्मभर आजारी आवाजात बोलणार. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या आवाजात बोलू शकली असती, तो मी पुसला. हे कुणाला सांगायची वेळ आली तर मी पुढे पण-बिण काही जोडणार नाही. तुझ्या लिनक्सचं नाव घेणार नाही आणि तुझंही नाही. तू सोळा दिवस फाईल उघडली नाहीस याचा राग आहे, तो राहीलच, पण तू दूर होतीस. मी त्याच खोलीत होतो.

त्या खोलीतलंच एक सांगायचं आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सत्तावीसच्या सकाळी हेडफोन काढले आणि मला करायला काही कामच उरलं नाही. आवाजाच्या पातळीचे काटे बघायचे नव्हते, हात वर करायचा नव्हता. म्हणून मी नुसता तिच्याकडे बघत बसलो. ती वाचत होती. चार फुटांवर, मध्ये काही नाही. आवाज बसलेला होता, फाटत होता, तरी तिचाच होता, आणि मी तो ऐकला. तेव्हा कळलं की तीन आठवडे ती अशीच समोर बसून आपल्या धड आवाजात मला वाचून दाखवत होती, आणि मी कानांना झाकणं लावून बसलो होतो. चारशे सोळा वाक्यं, टिटवे. त्यातलं एकही ती कसं म्हणाली ते मला आठवत नाही. खट् कुठे कुठे झाला, ते सगळं आठवतं.

मामा